पहिली खेप नदीची

फार पूर्वी, नद्यांवर पूल बांधायचं अजून कुणाच्या मनातही आलं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. एका रुंद नदीच्या काठी एक गाव होतं. गावाला एक घाट होता, घाटावर एक नाव होती आणि ती नाव चालवणारा राणबा नावाचा नावाडी होता.

राणबाला ही नाव त्याच्या मामाकडून मिळाली होती. मामाला मूलबाळ नव्हतं. हात थरथरायला लागले तेव्हा त्याने भाच्याला बोलावून घेतलं, नाव रेटायचा बांबू त्याच्या हाती दिला आणि या घाटाची रीत समजावून सांगितली.

रीत अशी होती, की दिवस उगवला की पहिली खेप रिकामी न्यायची. नावेत माणूस नाही, गाठोडं नाही, शेळीसुद्धा नाही. नावाड्याने एकट्याने पलीकडे जायचं आणि परत यायचं. जाताना बांबूने तळ चाचपायचा. वाळू कुठे सरकली, डोह कुठे पडला, धार कुठून कुठे वळली, ते बघून ठेवायचं. आणि येताना काल जे जमत नव्हतं असं काहीतरी आज करून बघायचं. वाऱ्याच्या विरुद्ध नाव न्यायची, डाव्या हाताने रेटायची, काहीही.

"पहिली खेप नदीची," मामा म्हणाला. "दुसरीपासून माणसांची. एवढं सांभाळ, बाकी नाव तुला सांभाळेल."

राणबाने ते मनापासून ऐकलं, आणि काही वर्षं मनापासून पाळलंही.

राणबा मुळातच टापटिपीचा. मामाच्या वेळी घाटावर नुसता गोंधळ असायचा. कुणी आधी चढे, कुणी मागून ओरडे, टोपल्यांवर टोपल्या पडत. राणबाने हळूहळू सगळ्याला शिस्त लावली. बाजारकरी एका बाजूला, पाहुणे दुसऱ्या बाजूला, जड ओझी मधोमध. शेळ्या सगळ्यांच्या शेवटी चढवायच्या, कारण शेळी आधी चढली की ती माणसांना चढू देत नाही. दोर, बांबू, नावेतलं पाणी उपसायचं भांडं, सगळं जागच्या जागी. डोळे मिटून हात घातला तरी वस्तू हाताला लागावी. मामाच्या वेळी दिवसाला आठ खेपा होत. राणबा बारा करू लागला. लोक म्हणत, नावाडी असावा तर असा.

पण लोकांना एक गोष्ट खुपू लागली. सकाळी घाईच्या वेळी ते काठावर ताटकळत उभे राहत आणि त्यांच्या डोळ्यांदेखत नाव रिकामी निघून जाई. दूध घालायला पलीकडे जाणाऱ्या एका म्हातारीने एकदा सगळ्यांसमोर विचारलं, "काय रे राणबा, रोज सकाळी भुतं पोचवून येतोस काय? ती पोचवून झाली असतील तर आता आम्हाला घे."

सगळे खोखो हसले. राणबाही हसला. पण ते बोलणं त्याच्या मनात कुसळासारखं रुतून बसलं.

त्यानंतर बाजाराच्या दिवशी पहिली खेप भरलेली जाऊ लागली. बाजाराचा दिवस एवढाच काय तो अपवाद, असं राणबाने ठरवलं. मग लग्नसराई आली. मग सुगी आली. रिकामी खेप आठवड्यातून एकदा आली, मग महिन्यातून एकदा, अमावस्येला. आणि एका अमावस्येला पलीकडे कुणाचं तरी बारसं होतं.

राणबाचा हेतू वाईट नव्हता, हे मात्र खरं. शिकणं त्याने सोडून दिलं नव्हतं, त्याच्या मते त्याने ते नीट लावून ठेवलं होतं. बायकोला, सगुणाला, तो दरवर्षी सांगायचा, की असं रोज तुकड्यातुकड्याने काही होत नाही. यंदा दिवाळीनंतर वर्दळ कमी झाली की सबंध महिना मोकळा काढतो. नदी या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदाची नीट बघून घेतो, आणि खालच्या घाटावरच्या झुंबरबाईकडून वल्हं मारायलाही शिकतो.

ही झुंबरबाई मासे धरून पोट भरायची. नवरा लवकर गेला, तेव्हापासून एकटीच लहानशी होडी घेऊन पाण्यात असायची. राणबाची नाव बांबूने चाले. बांबू तळाला टेकवायचा आणि नाव पुढे रेटायची. जिथे तळ लागत नाही तिथे बांबू म्हणजे नुसती काठी. झुंबरबाईच्या होडीला दोन वल्ही होती. वल्ह्याला तळ लागत नाही, पाणी पुरतं. ही विद्या त्या काठावर तिच्या एकटीपाशी होती, आणि विचारलं तर ती शिकवायलाही तयार होती.

दिवाळी येई, दिवाळी जाई. मोकळा महिना काही येईना.

इकडे नदी आपलं काम करतच होती. पलीकडच्या काठाशी ती दर पावसाळ्यात थोडी थोडी खोल होत चालली होती. राणबाला ते कळत नव्हतं असं नाही. बांबू बाहेर काढला की दरवर्षी तो वीतभर जास्त भिजलेला असायचा. राणबाने त्यावर उपाय केला. त्याने लांब बांबू आणला. दोन वर्षांनी त्याहून लांब आणला.

मामा आता दिवसभर घाटाच्या पायरीवर बसून असायचा. एक दिवस त्याने सहज विचारावं तसं विचारलं, "खेपा वाढल्या ना रे?"

"वाढल्या की मामा. तुमच्यापेक्षा चार जास्त."

"बरं झालं. मग एवढा वेळ वाचवलास, तो ठेवलास कुठे?"

राणबाला हसू आलं. तो म्हणाला, ठेवायचा कुठे, त्यातच तर चार खेपा बसल्या. मामा नदीकडे बघत राहिला.

राणबाला एकच लेक होती, हौसा. तिला पलीकडच्या तीरावर, घाटापासून चार कोसांवर दिलं होतं. लग्नाला तीन वर्षं झाल्यावर तिला दिवस गेले आणि राणबाच्या घरात आनंद मावेना. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं होतं. शिवाय राणबाच्या गावची सुईण पंचक्रोशीत नावाजलेली होती. आडवं आलेलं मूल तिच्या हाताने सरळ होतं, असं बायका सांगत. हौसाच्या सासरच्या गावात म्हणावी अशी सुईण नव्हती.

सातव्या महिन्यात लेकीला आणायचं ठरलं होतं. सगुणाने खोली सारवून ठेवली, जुन्या लुगड्यांची दुपटी शिवली, डिंक निवडून डब्यात भरला. आणि रोज संध्याकाळी नवऱ्याला आठवण दिली. राणबा म्हणायचा, एवढी जत्रेची गर्दी ओसरू दे, मग एक दिवस मोकळा काढतो आणि ऐटीत घेऊन येतो. गर्दी ओसरली तेव्हा आठवा महिना सरत आला होता. आणि मग पाऊस लागला. नदी दोन्ही काठ ओलांडून वाहू लागली. नाव तीन दिवस झाडाला बांधलेली राहिली.

चौथ्या दिवशी पाणी उतरलं. पहाट फुटता फुटता राणबा घाटावर आला, तर पलीकडे बैलगाडी उभी दिसली. जावयाने हौसाला आणलं होतं. ती गाडीतून उतरून एका दगडावर बसली होती. तिचं हिरवं लुगडं राणबाने इकडूनच ओळखलं.

अलीकडे तीन दिवस खोळंबलेली अकरा माणसं नावेची वाट बघत होती. राणबाने मनातल्या मनात हिशेब जुळवला. यांना पलीकडे सोडायचं आणि येताना लेकीला आणायचं, एका खेपेत दोन्ही कामं. त्याने माणसं चढवायला सुरुवात केली.

तेवढ्यात काठी टेकत मामा आला. एवढ्या सकाळी तो कधी येत नसे. नावेच्या टोकाला हात लावून तो म्हणाला, "राणबा, आज तरी पहिली खेप रिकामी ने. पूर येऊन गेला की नदी जुनी राहत नाही."

"मामा, पलीकडे पोर उभी आहे."

"म्हणूनच सांगतोय."

राणबाने पलीकडे बघितलं. रिकामी नाव न्यायची, तळ बघायचा, परत यायचं, मग माणसं भरायची. दोन घटका जाणार. नावेतल्या एकाने घसा खाकरला. कुणीतरी म्हणालं, आधीच तीन दिवस गेले. राणबाने मामाचा हात हलकेच बाजूला केला आणि नाव पाण्यात लोटली.

वाट त्याला डोळे मिटून ठाऊक होती. वरच्या अंगाला काळ्या खडकापर्यंत तिरकं जायचं, मग धारेत सोडायचं, की नाव आपोआप पलीकडच्या पायऱ्यांना लागते. वीस वर्षं त्याने हेच केलं होतं. आजही तसंच केलं. खडक आला, त्याने नाव धारेत सोडली, आणि नदीचा मध्य ओलांडल्यावर खालून खरखर असा आवाज येऊन नाव जागच्या जागी थांबली.

गढूळ पाण्याखाली वाळूचा नवा बांध पडला होता. धारेने नाव आडवी करून त्या वाळूवर दाबून धरली. राणबाने माणसांना खाली उतरवलं. वाळूवर गुडघाभर पाणी होतं, उभं राहता येत होतं. सगळ्यांनी मिळून रेटलं, तरी नाव मागे हलेना. मग राणबा पुढच्या बाजूला गेला. तिथे पाणी काळंभोर होतं. त्याने आपला सगळ्यात लांब बांबू खाली सोडला. बांबू गेला, गेला, त्याच्या मागोमाग राणबाचा हात कोपरापर्यंत पाण्यात गेला, तरी तळ लागला नाही.

पलीकडचा काठ एवढा जवळ होता, की हौसाने पदर कमरेला खोचलेला दिसत होता. ती उठून उभी राहिली होती. मग ती वाकली, आणि तिने दोन्ही हातांनी कंबर धरली. जावई काहीतरी ओरडून सांगत होता, पण वारा त्याचे शब्द उलट्या दिशेला नेत होता.

वाळूवर उभ्या असलेल्या एका बाईने हलक्या आवाजात म्हटलं, "पोरीला कळा सुरू झाल्या वाटतं."

राणबाच्या मनात आलं, उडी टाकावी. पण समोरच्या डोहात भोवरा फिरत होता आणि मागे अकरा माणसं त्याच्या भरवशावर पाण्यात उभी होती. तो बांबू धरून उभा राहिला. जावयाने थोडा वेळ वाट बघितली. मग हौसाला उचलून गाडीत निजवलं आणि गाडी परत फिरवली. दुसरं तो काय करणार? राणबाने गाडी झाडीआड जाईपर्यंत पाहिली.

सूर्य डोक्यावर आला तेव्हा खालच्या अंगाने झुंबरबाईची होडी वर येताना दिसली. कुणीतरी काठाकाठाने पळत जाऊन तिला निरोप दिला होता. तीन-तीन माणसं करून तिने सगळ्यांना पलीकडे पोचवलं, शेवटी राणबाला घेतलं. ज्या पाण्यात त्याचा बांबू हरला होता, ते पाणी होडीने दहा-बारा वल्ह्यांत कापलं.

राणबा काठावर उतरला तो पळतच सुटला. दोन कोसांवर एका चिंचेखाली गाडी उभी होती. बैल सोडलेले होते. शेजारच्या वस्तीवरच्या दोन बायका गाडीच्या आडोशाला बसल्या होत्या, आणि त्या रडत नव्हत्या, गप्प होत्या. ते पाहून राणबा अलीकडेच थांबला.

मूल आडवं आलं होतं. हौसा वाचली. मूल वाचलं नाही.

पंधरा दिवसांनी हौसा झुंबरबाईच्या होडीतून, डोळे गच्च मिटून, माहेरी आली. सारवलेल्या खोलीत निजून असायची. सगुणाने दुपटी पेटीच्या तळाशी घातली आणि नवऱ्याला एका शब्दाने बोलली नाही. मामा येऊन हौसाच्या उशाशी बसे, तिच्या केसांवरून हात फिरवी आणि निघून जाई. तोही बोलला नाही. कुणीतरी आपल्याला बोलावं, शिव्या द्याव्यात, असं राणबाला फार वाटायचं.

शेवटी हौसाच बोलली. राग नव्हता तिच्या आवाजात, नुसतं नवल होतं. ती म्हणाली, "आबा, नदी तर तुमच्या पायाशी होती. रोजची होती. तरी तुम्हाला वाट माहीत नव्हती?"

राणबाने तिच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं आणि तो बाहेर गेला.

त्याच हिवाळ्यात मामा गेला. नदीविषयी त्याला विचारायचं म्हणून राणबाने किती वर्षं किती गोष्टी मनात जमवून ठेवल्या होत्या. त्या तशाच राहिल्या.

मामाचे दिवस झाले आणि राणबा खालच्या घाटावर गेला. झुंबरबाई जाळं झटकत होती. त्याला बघून म्हणाली, "आलास होय? मला वाटलं, आणखी लांब बांबू शोधायला गेलास." बोलून गेली आणि लगेच तिलाच वाईट वाटलं. तिने जाळं खाली ठेवलं आणि एक वल्हं त्याच्यापुढे केलं.

पन्नाशीच्या हातांना नवी गोष्ट लवकर येत नाही. पहिले कितीतरी दिवस होडी नुसती गरगर फिरे. झुंबरबाई म्हणायची, दळण घेऊन ये, जातं तू चांगलं फिरवतोस. राणबाचे खांदे भरून येत, तळहात सोलून निघत. एकदा दमून बसल्यावर त्याने तिला विचारलं, की घरचं, दारचं, बाजाराचं सगळं एकटीने करून हे शिकायला तुला सवड कुठून मिळाली?

तिला प्रश्नाचंच नवल वाटलं. ती म्हणाली, "सवड मला कोण देणार? जाळं टाकलं की मासा लागेपर्यंत बसावंच लागतं. तेवढा वेळ रोज वल्ह्याला द्यायचा, असं ठरवून टाकलं. एका दिवसात काही आलं नाही. दोन पावसाळ्यांत सगळं आलं."

राणबाने हातातलं वल्हं खाली ठेवलं. रिकामी खेप सुटल्यापासूनच्या सकाळी त्याच्या डोळ्यांपुढून एकेक करून जात होत्या. त्यातली प्रत्येक सकाळ त्याच्याकडे होती आणि प्रत्येक सकाळी त्याने ती दुसऱ्याच कशाला तरी दिली होती.

पहिली खेप पुन्हा रिकामी जाऊ लागली. बाजार असो, लग्न असो, राणबा ऐकत नसे. बाराच्या अकरा खेपा झाल्या आणि त्याने कुणाचं काही अडलं नाही. लोक काठावर थांबत, गप्पा मारत, पान खात. आता कुणी भुतांची थट्टा करत नव्हतं. रोज थोडी थोडी करून नदी त्याला कळत गेली. वाळूचा बांध कुठवर आहे, पूर ओसरल्यावर तो कुठे सरकतो, भोवऱ्याला बगल कशी द्यायची. नावेला त्याने वल्ही लावून घेतली. दुसऱ्या पावसाळ्यानंतर तो गच्च भरलेली नावसुद्धा डोहावरून सरळ नेऊ लागला. झुंबरबाई एकदा म्हणाली, आता तू मला शिकव. त्या काठावर त्याच्याइतका नदीचा जाणता कुणी उरला नव्हता.

तिसऱ्या वर्षी हौसाला पुन्हा दिवस गेल्याची बातमी आली. राणबाने त्याच दिवशी निरोप धाडला, की या खेपेला काळजी करू नका. पाचव्या महिन्यात म्हणा, चौथ्या महिन्यात म्हणा, उद्या म्हणालात तरी मी नाव घेऊन येतो. नदीची वीत न् वीत मला पाठ आहे.

आठ दिवसांनी जावयाचा उलटा निरोप आला. फार अदबीने सांगितला होता. हौसाला पाण्याची भीती बसली आहे. आम्ही वरच्या अंगाने, डोंगराला वळसा घालून, जिथे नदी लहान आहे तिथून गाडीनेच येतो. तीन दिवस लागतील, पण सावकाश येऊ. आबांनी मनाला लावून घेऊ नये.

ठरल्या दिवशी राणबा घाटावर गेला. पहिली खेप घेऊन तो वाळूच्या बांधापाशी गेला आणि तिथे थांबला. पाणी शांत होतं. पलीकडच्या काठाने गाडी चालली होती, तीन दिवसांच्या वाटेला. गाडीत हिरव्या लुगड्यातली हौसा बसली होती. बापाची नाव ओळखून तिने हात वर केला आणि गाडी दृष्टीआड होईपर्यंत तो हलवत राहिली.

राणबानेही हात वर केला. तिथून पलीकडचा काठ दहा-बारा वल्ह्यांवर होता.

सवड मिळाली की शिकेन म्हणणाऱ्याला सवड कधी मिळत नाही. म्हणून रोजच्या कामात शिकण्याची वेळ आधी राखावी आणि मग उरलेला दिवस कामाला द्यावा.